घरी घडवलेली ल्यूर आणि जुनी रिळे: या चुका टाळा

माशांना भुलवण्यासाठी कोरलेला लाकडाचा मासा, म्हणजे ल्यूर, हातात घेतल्यावर देखणा वाटतो, त्याचे खवले रेखीव असतात, डोळे बसवलेले असतात, रोगण चमकत असते. आणि पाण्यात सोडताच तो कुशीवर कलंडतो किंवा ओढू लागताच गोल गोल फिरत तंगुसाला, म्हणजे गळाच्या दोरीला, पीळ पाडतो. असे झाले की बहुतेक जण रंगसंगतीत दोष शोधतात. प्रत्यक्षात ही चूक रंगाचा डबा उघडण्याच्या कितीतरी आधी झालेली असते आणि रंगाच्या थराखाली झाकली गेल्यामुळे ती दुरुस्त करणे अवघड होऊन बसते. फिनलंडच्या लाउरी रापाला यांनी १९३६ साली बुचाचे लाकूड कोरून, त्यावर चॉकलेटचा चंदेरी कागद गुंडाळून आणि छायाचित्रांच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून केलेला लेप देऊन आपली ल्यूर तयार केली. साहित्य इतके साधे होते, तरी ती चालली, कारण ती पाण्यात जखमी माशासारखी डुलत असे. घरी ल्यूर करणाऱ्याने आपला अधिक वेळ या डुलण्यावरच खर्च करावा, असे माझे ठाम मत आहे.

वजनाचा हिशेब न करणे

सर्वाधिक ल्यूर इथेच बिघडतात. समजा, आपल्या कोरीव माशाचे आकारमान २० घनसेंटिमीटर आहे. तो गोड्या पाण्यात पूर्ण बुडायला त्याचे एकूण वजन सुमारे २० ग्रॅम व्हावे लागते. बाल्साचे लाकूड घेतले तर ते स्वतः जेमतेम तीन-चार ग्रॅम भरते, म्हणजे तार, गळ, कड्या आणि शिसे यांसाठी सोळा ग्रॅमच्या आसपास वाव उरतो. तोच मासा सागवानात कोरला तर लाकूडच तेरा ग्रॅमच्या आसपास जाते. उरलेल्या सात ग्रॅममध्ये दोन तिहेरी गळ आणि तार बसवल्यावर तोल साधण्यासाठी शिसे घालायला जागाच राहत नाही आणि ल्यूर पाण्यात जड, निर्जीव वाटते. वजन पोटाच्या तळाशी जितके खाली बसेल तितका मासा लवकर सरळ होतो. तेच वजन मध्यरेषेपाशी गेले की तो कलंडतो.

म्हणून लाकडावर पहिला पातळ लेप चढवून वाळल्यानंतर, पण रंग देण्यापूर्वी, सर्व गळ आणि कड्या लावून ल्यूर बादलीभर पाण्यात सोडून पाहावी. शिशाचे तुकडे रबरबँडने पोटाला बांधून पुढे-मागे सरकवले की भोक नेमके कुठे पाडायचे ते कळते. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असल्यामुळे बादलीत अलगद तरंगणारी ल्यूर समुद्रात थोडी अधिक वर येते, हेही ध्यानात ठेवावे.

शिसे वितळवण्याची घाई तर मुळीच करू नये. ते ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि त्यात ओलसर साचा किंवा पाण्याचा एक थेंब जरी गेला, तरी त्या पाण्याची क्षणात वाफ होऊन आकारमान सुमारे सतराशे पट वाढते आणि तापलेले शिसे तोंडावर उडते. लहान ल्यूरसाठी याची काहीही गरज नसते. शिशाच्या जाड तारेचा तुकडा कापून भोकात हलके ठोकून बसवावा, वरून इपॉक्सीने (राळ आणि हार्डनर मिसळून घट्ट होणाऱ्या लेपाने) बुजवावा आणि हात साबणाने धुवावेत. शिसे वापरायचेच नसेल तर कथिल चालते, मात्र तेवढ्याच वजनासाठी भोक आकारमानाने दीडपट करावे लागते.

ओठाची खाच शेवटी कापणे

ल्यूरच्या तोंडाशी बसणारी पारदर्शक पट्टी, म्हणजे तिचा ओठ, तिला खाली नेतो आणि हलवतो. खाच एका बाजूला किंचित जरी झुकली तरी ल्यूर सतत त्या बाजूला पळते. लाकूड अजून चौकोनी ठोकळा असतानाच खाच कापली तर काटकोन धरायला सपाट बाजू मिळते. गोलाई आणल्यानंतर ती अंदाजाने कापावी लागते आणि अंदाज चुकतो. ओठ जितका उभा, तितकी ल्यूर उथळ चालते आणि रुंद डुलते; तो शरीराच्या रेषेकडे आडवा झुकला की ती खोल जाते आणि तिची हालचाल आखूड, जलद होते. ॲक्रिलिकची पट्टी खडकावर आपटून तडकते. पॉलिकार्बोनेट टिकाऊ असते, पण ते ॲसिटोनने पुसू नये, कारण त्याने ते धुरकट होते आणि त्यावर बारीक चिरा पडतात.

तयार ल्यूर एका बाजूला पळत असेल तर तंगूस बांधायची पुढची कडी पक्कडीने विरुद्ध दिशेला अगदी केसभर वाकवावी. ती ओढताना आपल्या उजवीकडे पळत असेल, तर तिचे नाक आपल्याकडे धरून कडी आपल्या डावीकडे न्यावी आणि पुन्हा ओढून पाहावे. कडी पिळू मात्र नये. पिळल्याने ती लाकडात सैल होते आणि त्या वाटेने पाणी आत शिरते.

लेपाखालचे बुडबुडे आणि चिकटपणा

थंड लाकूड उबदार खोलीत आणून लगेच लेप दिला, तर लाकडातील हवा तापून प्रसरण पावते आणि लेपातून बुडबुडे काढीत बाहेर येते. याउलट लाकूड आधी किंचित कोमट करून ते निवत असताना लेप दिला तर तो आत ओढला जातो. इपॉक्सी दिवसभरानंतरही चिकट राहिले, तर प्रमाण चुकले किंवा मिश्रण नीट ढवळले गेले नाही, असे समजावे. राळ आणि हार्डनर यांची घनता वेगळी असते, त्यामुळे आकारमानाने सांगितलेले एकास एक प्रमाण तराजूवर मोजल्यास चुकते. चिकट थरावर नुसता हार्डनर चोळून काही साधत नाही. तो थर खरवडून नव्याने द्यावा. लेपात गोल खळगे पडले तर पृष्ठभागाला बोटांचे तेल किंवा सिलिकॉन लागलेले असते.

जुने सामान घासून चकचकीत करणे

जुन्या वस्तूंच्या बाबतीत नियम उलटा असतो: तिथे काढून टाकलेले परत आणता येत नाही. संग्राहक पितळेवर वर्षानुवर्षे चढलेली छटा आणि मूळ रंग यांनाच मोल देतात, म्हणून जुन्या लाकडी ल्यूरवर नवा रंग चढवणे म्हणजे तिचा इतिहास पुसणे होय. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असल्यामुळे तो कोरडा घासू नये. धूळ श्वासावाटे आत जाते. अमोनिया असलेल्या द्रावणाने पितळेला ताणाखाली भेगा पडू शकतात, तर एबोनाइटच्या (कडक केलेल्या रबराच्या) काळ्या चकत्या गरम पाण्याने आणि उन्हाने तपकिरी पडतात.

रीळ, म्हणजे तंगूस गुंडाळायची फिरकी, उघडताना प्रत्येक टप्प्याला छायाचित्र काढावे आणि सुटे भाग उघडल्याच्या क्रमाने कापडावर मांडावेत. खाचेत घट्ट बसणारा स्क्रूड्रायव्हर मिळेपर्यंत अडकलेल्या स्क्रूला हात लावू नये. गंज सोडवणारे तेल टाकून एक रात्र थांबावे. मात्र हे पातळ फवाऱ्याचे तेल वंगण नव्हे. ते आतले जुने ग्रीस धुऊन काढते आणि स्वतः उडून जाते, त्यामुळे त्यानंतर दात्यांना ग्रीस आणि बेअरिंगला तेलाचा थेंब द्यावाच लागतो. हँडल उलटे फिरू न देणाऱ्या रोलर बेअरिंगमध्ये ग्रीस भरले की बेअरिंग निसटू लागते. तिथे हलक्या तेलाचा एकच थेंब पुरतो. तंगूस सुटताना अडवणाऱ्या ब्रेकच्या फेल्ट (नमद्याच्या) चकत्यांना त्यांच्यासाठीचेच ग्रीस लावावे. समुद्रावरून आल्यावर रिळावर पाण्याचा जोरदार झोत सोडू नये, कारण तो मीठ आतच ढकलतो. ब्रेक आवळून गोड्या पाण्याची हलकी धार सोडावी आणि वाळल्यानंतर ब्रेक सैल करून ठेवावा, म्हणजे चकत्या दबून राहत नाहीत.

गळाच्या काठीवर तंगूस ओवायच्या कड्यांमध्ये कापूस फिरवावा; जिथे धागा अडकेल तिथे तडा आहे आणि तोच तंगूस कापतो. मऊ रबरी आमिषे रंगवलेल्या ल्यूरबरोबर एका डब्यात ठेवू नयेत, कारण त्यांतील मऊपणा आणणारे द्रव्य रंग विरघळवते. जुन्या ल्यूरने गरवायचेच असेल आणि गंजलेले गळ बदलायचे असतील, तर जुने गळ टाकून देण्यापूर्वी त्यांचे वजन करावे आणि नवे त्याच वजनाचे घ्यावेत. एक-दोन ग्रॅमच्या फरकानेही तरंगणारी ल्यूर तळ गाठते.