पहिल्या धारेची जड, दुसऱ्या धारेची हलकी: बर्फाळ अंगणातली बिअर

खवलेल्या नारळाचं पहिलं दूध दाट निघतं. पाणी घालून पुन्हा पिळलं की पातळ. इंग्लंडच्या जुन्या ब्रूअरींमध्ये बिअरही अशीच होई: माल्ट (मोड आणून वाळवलेले बार्लीचे दाणे) एकदाच भिजवायचं, पहिल्या धारेची जड बिअर, दुसऱ्या धारेची हलकी. शिकागो किंवा मिनेसोटाच्या हिवाळ्यात हे अंगणात छान जमतं. (महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे. अमेरिकेत १९७८च्या केंद्रीय कायद्याने दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनची मुभा आहे; राज्याचे नियम वेगळे पाहावेत.)

साहित्य: मॅरिस ऑटर माल्ट ९ किलो, क्रिस्टल माल्ट अर्धा किलो, ईस्ट केंट गोल्डिंग्ज हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) १२५ ग्रॅम, ११ ग्रॅमची एल यीस्टची (एल जातीच्या बिअरसाठीचं यीस्ट) तीन पाकिटं, तळाला जाळी नि तोटी असलेला ४५ लिटरचा कूलर (उष्णता धरून ठेवणारी पिकनिकची पेटी). पाणी आदल्या रात्रीच भरून घरात ठेवा. बागेचा पाइप सकाळी गोठलेला असतो.

थंडीत सगळ्यात जास्त घोळ मॅशच्या (कूलरमध्ये गरम पाण्यात भिजवलेल्या, दळलेल्या माल्टच्या) तापमानात होतो. कूलर आधी पाच लिटर उकळत्या पाण्याने तापवा आणि ते ओतून टाका. हवंय ६६ अंश सेल्सिअस. माल्ट घरात १८ अंशांवर असेल तर २५ लिटर पाणी ७३-७४ अंशांवर घ्या. गॅरेजमध्ये २ अंशांवर पडलेलं असेल तर ७६ अंशांवर. वर जुनी स्लीपिंग बॅग गुंडाळून तासभर ठेवा. उघडून बघायचा मोह आवरा, प्रत्येक वेळी वाफेबरोबर उष्णता जाते.

दाणे साधारण किलोला एक लिटर पाणी धरून ठेवतात, म्हणून पहिली धार १५ लिटरच्या आसपास मिळते, ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत रसाची घनता, पाणी म्हणजे १.०००) १.०९० च्या जवळ. नमुना २० अंशांवर आणूनच मोजा. १.०८० च भरली तर बहुतेक वेळा दळण जाड असतं किंवा मॅश थंड पडलेला असतो. ५०० ग्रॅम कोरडं माल्ट एक्स्ट्रॅक्ट (माल्टच्या रसाची पूड) घातलं की भरपाई होते.

मग त्याच दाण्यांवर ८० अंशांचं २२ लिटर पाणी, ढवळून वीस मिनिटं थांबा. ही दुसरी धार, १.०३५ च्या खाली.

दोन्ही तासभर वेगवेगळ्या उकळा. जड बिअरला सुरुवातीलाच ९० ग्रॅम हॉप्स (दाट रसात कडवटपणा कमी उतरतो), हलकीला ३५. शेवटी १२ लिटर १.११० ची आणि १९ लिटर १.०४० ची उरते.

बर्नर कायम उघड्यावर, सपाट फरशीवर ठेवा. थंडी वाजते म्हणून गॅरेजमध्ये नेला तर कार्बन मोनॉक्साइड जीव घेईल. सिलिंडर प्रोपेनचा आणि भरलेला घ्या. ब्यूटेन शून्याच्या आसपासच मान टाकतं.

भांडं बर्फाच्या ढिगात खुपसू नका. भोवतालचा बर्फ वितळून पोकळी होते आणि उरलेला गोधडीसारखा ऊब धरतो. तांब्याचा चिलर (रसात बुडवायची वेटोळी नळी, आतून गार पाणी वाहतं) उत्तम: हिवाळ्यातल्या नळाच्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. १८ अंशांवर थांबा, त्याखाली यीस्ट सुस्तावतं. चिलरमधलं पाणी लगेच काढा, नाहीतर गोठून नळी फुटते.

पुढचं काम घरात, १८ ते २० अंशांवर. जड बिअरला यीस्टची दोन पाकिटं, हलकीला एक. यीस्ट घातल्याबरोबर आणि बारा तासांनी पुन्हा जड रस चांगला हलवून हवा द्या; इथे कंजूषी केली तर ती १.०५० ला अडकून गोडमिट्ट राहते. नीट आंबली तर १.०२८ ला येते, म्हणजे साधारण ११ टक्के.

बाटलीत भरताना लिटरला ५ ग्रॅम साखर. जड बिअरला थोडं ताजं यीस्टही, कारण जुनं थकलेलं असतं. हलकी तीन आठवड्यांत प्यायला घ्या. जड बिअर पुढच्या हिवाळ्यापर्यंत फडताळाच्या मागे.