स्टीअरिंगचा प्ले असा काढला

जुन्या गाडीचं स्टीअरिंग बरंच फिरवलं तरी चाकं ढिम्म! हे मोकळं फिरणं म्हणजेच प्ले. अशा वेळी लोक थेट स्टीअरिंग बॉक्सचा (स्टीअरिंगचं फिरणं चाकांकडे पोचवणारी गिअरपेटी) स्क्रू आवळतात. मी आधी गाडीखाली शिरलो. एकाला स्टीअरिंग हलकेच डावी-उजवीकडे हलवायला लावलं आणि एकेका जॉइंटवर बोट ठेवून पाहिलं. एका टाय रॉड एंडचं (चाक वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाचा बॉल जॉइंट) रबर फाटलेलं, आत ग्रीसऐवजी चिखल, बॉल खटखटतोय. तो बदलला, नट सुटू नये म्हणून लावतात ती कॉटर पिनही नवीच घातली (जुनी सरळ करून वापरू नयेच). किंगपिनला (चाक डावी-उजवीकडे ज्या खुंटीवर वळतं ती) चाक उचलून ग्रीस मारलं. बॉक्समध्ये गिअर ऑइल भरलं. उरलासुरला प्ले चाकं सरळ ठेवून स्क्रूने काढला, पण बेतानेच. जास्त आवळलं तर वळणानंतर स्टीअरिंग आपसूक सरळ येत नाही. टाय रॉड एंड बदलला की टो-इन (पुढची चाकं समोरच्या बाजूने किती आत वळलेली आहेत ते माप) बिघडतो, म्हणून शेवटी चाकांचं अलाइनमेंट.