लहान रिव्हॉल्व्हरसाठी कमरेचं होल्स्टर घेताना काय बघायचं

आपल्या ग्वाल्हेरात लायसन्सी हत्यार बाळगणारे किती आहेत ते इथल्या माणसाला सांगायला नकोच, लग्नात बघा, पेट्रोल पंपावर बघा, सराफ्यात संध्याकाळी दुकान बंद करून निघणारे बघा. पण सव्वा-दीड लाखाचं रिव्हॉल्व्हर घेणारा माणूस होल्स्टर मात्र डीलरनं फुकटात दिलेलं ते मऊ नायलॉनचं पाकीट वापरतो, ज्यात काहीही घातलं तरी मावतं. मावतं म्हणजे बसतं असं नाही ना. मला याची खरंच काळजी वाटते म्हणून सविस्तर लिहितोय, लांब झालंय पण ज्याच्या कमरेला हत्यार आहे त्यानं पूर्ण वाचा.

आधी कायद्याचं, कारण ते पुष्कळांना माहीतच नसतं. आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे हँडगन सार्वजनिक ठिकाणी न्यायची तर अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा पिशवीसारख्या तशाच साधनात, ती पूर्ण झाकलेली पाहिजे आणि नेणाऱ्याचा तिच्यावर ताबा पाहिजे. म्हणजे शर्ट आत खोचून मूठ मिरवत फिरायचं हे चालत नाही, आणि पँटच्या खिशात किंवा नुसतीच कमरेला खोचून तर अजिबातच नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर वरातीतल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, तेव्हा वरातीत हत्यार होल्स्टरमधून बाहेर यायचं कारणच नाही. आता हे तिन्ही मुद्दे, म्हणजे अंगाला बांधलेलं, झाकलेलं आणि ताब्यात, हे नीट बघितले तर चांगल्या होल्स्टरची व्याख्या त्यातच आहे. पटकन काढता येणं वगैरे नंतरचं. दिवसाचे दहा-बारा तास तुम्ही बसता उठता, बाइकवर जाता, खाली वाकता, त्या सगळ्या वेळात ते जागचं हलायला नको आणि ट्रिगरला कशाचाही स्पर्श व्हायला नको, एवढं ज्याला जमतं ते होल्स्टर.

दुकानात जायच्या आधी आपलं मॉडेल कुठलं ते पक्कं करा. आपल्याकडे बहुतेक बत्तीस बोर (म्हणजे नळीचं माप) असतं, त्यात ऑर्डनन्स फॅक्टरीचं जुनं रिव्हॉल्व्हर आणि २०१४ ला आलेलं निर्भीक, ही दोन्ही वेब्ली या जुन्या इंग्रजी कंपनीच्या जातीची, म्हणजे मधून मोडून उघडणारी. निर्भीक हलकं आहे, अर्ध्या किलोच्या आसपास. २०२३ ला कानपूरहून आलेलं प्रबल वेगळं, त्याचं सिलेंडर, म्हणजे गोळ्यांची घरं असलेला गोल भाग, बाजूला उघडतं, बॅरल ७६ मिमी आणि वजन सातशे ग्रॅमच्या आसपास. हे एवढं का सांगतोय तर ऑनलाइन जी सुंदर सुंदर कायडेक्सची होल्स्टरं दिसतात ती बहुतेक स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपनीच्या जे-फ्रेम या लहान रिव्हॉल्व्हरसाठी मोल्ड केलेली असतात, खाली लिहिलेलं असतं की स्मॉल रिव्हॉल्व्हरला फिट, आणि आपण मागवतो. जे-फ्रेमच्या ट्रिगर गार्डचा, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कडीचा, आकार वेगळा, सिलेंडरची जाडी वेगळी, त्यामुळे आपलं एकतर आत जात नाही किंवा जाऊन खुळखुळतं. कायडेक्स म्हणजे कडक प्लास्टिक, ज्या मापाचं बनवलंय त्याच मापाला पकडणार. मॉडेलचं नाव स्पष्ट लिहिलेलं नसेल तर घेऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ट्रिगर गार्ड. होल्स्टरमध्ये रिव्हॉल्व्हर पूर्ण बसवल्यावर ट्रिगर गार्ड दोन्ही बाजूंनी पूर्ण झाकला गेला पाहिजे, बोटाचं टोकसुद्धा आत जाता कामा नये, आणि झाकणारा भाग कडक पाहिजे. मऊ कापडावरून दाबलं की ट्रिगर हाताला लागतो ना, मग ते झाकणं कामाचं नाही, कारण जे बोटानं दाबता येतं ते गाडीच्या सीटबेल्टच्या बकलनंही दाबलं जाईल. जुन्या चामड्याच्या होल्स्टरचं तोंड मऊ पडून आत दुमडतं आणि रिव्हॉल्व्हर परत घालताना ती घडी ट्रिगर गार्डमध्ये शिरते, तुम्ही वरून ढकलता आणि घडी ट्रिगर मागे ओढते. अशानं गोळ्या सुटल्या आहेत, ही कल्पनेतली भीती नाही. म्हणून नवीन घेतानाच तोंडाशी बोट घालून कड आत दाबून बघा, सोडल्यावर ती आपोआप उभी राहिली पाहिजे. चांगल्या होल्स्टरला तोंडाशी चामड्याची दुसरी पट्टी शिवलेली असते, ती त्याच्यासाठीच.

दुसरं म्हणजे पकड. लहान रिव्हॉल्व्हरची गोम अशी आहे की बॅरल छोटं आणि वजन सगळं वरती, सिलेंडर आणि मुठीत, त्यामुळे साध्या एका लूपच्या होल्स्टरमध्ये ते बाहेरच्या बाजूला कलंडतं, शर्टाखालून मूठ टोचून दिसायला लागते आणि वाकलं की वर सरकतं. यावर उपाय म्हणजे पुढे एक आणि मागे एक अशा दोन लांब अंतरावरच्या खाचा असलेलं चपटं होल्स्टर, पॅनकेक म्हणतात त्याला, बेल्ट दोन्हीकडून ओढून ते अंगाला चिकटवून ठेवतो. क्लिपवालं टाळा असं माझं मत आहे. क्लिप घालायला काढायला सोपी, पण झटक्यात रिव्हॉल्व्हर ओढलं तर होल्स्टरसकट हातात येतं, मग काय करणार. पॅडलवाल्याचं, म्हणजे चपटी पट्टी पँटच्या आत खोचायची असते त्याचं, पण तसंच, थोडं बरं एवढंच.

पकडीसाठी वरून बटणाची पट्टी असलेलं घ्या, अंगठ्यानं उघडणारी. नुसत्या घर्षणावर धरणारं होल्स्टर नवीन असताना छान धरतं, दोन उन्हाळे गेले की ढिलं. पट्टी घेताना एक गोष्ट नक्की बघायची, आपल्या मोडून उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरला हॅमरजवळ, म्हणजे मागच्या घोड्याजवळ, डाव्या बाजूला उघडायचा खटका असतो, पट्टी किंवा तिचं बटण त्या खटक्यावर दाब देत असेल तर ते होल्स्टर त्या रिव्हॉल्व्हरचं नाहीच. प्रबलवाल्यांनी तसंच सिलेंडर सोडायचा खटका बघावा. आणि हॅमरवरून पट्टी येत असेल तर ती हॅमरच्या मागे घट्ट बसावी, म्हणजे कुर्त्यात अडकून हॅमर मागे ओढला जाणार नाही.

तपासायची पद्धत सांगतो, आमच्या इथल्या लष्कर भागातल्या एका काकांना मी हीच करायला लावली होती. आधी रिव्हॉल्व्हर उघडायचं, राउंड सगळे काढून दुसऱ्या खोलीत ठेवायचे, एकेक घर डोळ्यानं आणि बोटानं बघायचं, घरात दुसरं कोणी असेल तर त्यालाही दाखवायचं. मग रिकामं रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये, पट्टी लावून, पलंगावरच्या गादीवर उलटं धरून जोरात झटकायचं. नंतर पट्टी उघडी ठेवून फक्त उलटं धरायचं, झटकायचं नाही, तरी ते जागच्या जागी राहिलं पाहिजे. काकांचं पहिलं होल्स्टर दुसऱ्या परीक्षेत लगेच गादीवर पडलं, आणि ते हेच कमरेला लावून रोज स्कूटरवर दौलतगंजातून जायचे यायचे. मग बेल्टला लावून खुर्चीत बसणं, खाली पडलेली किल्ली उचलणं, गाडीत चढणं, जिना धावत चढणं, सगळं घरीच रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर करून बघा, हे अर्ध्या तासाचं काम आहे.

बेल्टकडे तर कोणी बघतच नाही. ऑफिसचा पातळ बेल्ट, तीन-चार महिन्यांत मध्येच मुडपतो, त्याच्यावर सहा-सातशे ग्रॅम लोंबकळलं की होल्स्टर कितीही चांगलं असो ते कलंडणारच. दीड इंच रुंद, दोन पदर शिवलेला, चार-पाच मिलिमीटर जाड, आडवा धरला तर लुळा पडत नाही असा बेल्ट पाहिजे, आणि होल्स्टरच्या खाचा त्याच रुंदीच्या. खाच मोठी आणि बेल्ट अरुंद असेल तर होल्स्टर दिवसभर वर-खाली सरकत राहतं, हात सारखा तिकडे जातो, आणि हात सारखा तिकडे गेला की बघणाऱ्याला कळतंच कमरेला काय आहे. पँटचा एक लूप पुढच्या आणि मागच्या खाचेच्या मध्ये आला तर उत्तम, होल्स्टर पुढे-मागे सरकत नाही.

चामडं की कायडेक्स? ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात, जिथं पारा पंचेचाळीसच्या वर जातो, कायडेक्स घाम पीत नाही हा मोठा फायदा. पण अंगाला टोचतं, आणि बाइकच्या थरथरीनं त्याचे स्क्रू सुटतात, ते महिन्यातून एकदा बघावे लागतात. चामडं घ्यायचं तर झाडाच्या सालीत कमावलेलं घ्या, क्रोमचं नको. कापलेल्या कडेकडे बघा, आतला भाग निळसर-राखाडी असेल तर क्रोमचं, ते मऊ पडतं आणि आकार धरत नाही. अंगाकडची बाजू वर उंच आलेली असावी, म्हणजे घाम थेट धातूवर जात नाही.

आपल्याकडे मोच्याकडून किंवा चामड्याच्या कारागिराकडून बनवून घेणारे पुष्कळ आहेत, आणि खरं सांगायचं तर इथल्या मॉडेलसाठी तोच सगळ्यात चांगला रस्ता. पण रिव्हॉल्व्हर त्याच्याकडे ठेवून येऊ नका. ज्याच्याकडे लायसन्स नाही त्याच्या ताब्यात हत्यार देणं हा गुन्हा आहे, दोन दिवसांसाठी असो की दोन तासांसाठी. घरी रिकामं रिव्हॉल्व्हर जाड पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलीनं बाहेरची रेघ मारा, ट्रिगर गार्ड आणि खटक्याची जागा खुणा करा, सिलेंडरची आणि मुठीची जाडी व्हर्नियरनं मोजून लिहा, आणि सुताराकडून त्या मापाचा लाकडी ठोकळा करून घ्या. ओलं चामडं त्या ठोकळ्यावर बसवून वाळवलं की आकार येतो. शेवटची ट्रायल लायसन्सवाल्या गन डीलरच्या दुकानात.

लावायची जागा उजव्या हाताच्या माणसानं उजव्या कमरेला, हाडाच्या किंचित मागे, जिथं कोपर नैसर्गिक येऊन टेकतं. पाठीच्या मधोमध लावू नका, बाइकवरून पडलात तर सगळं वजन मणक्यावर, आणि गर्दीत मागून कोणाचा हात गेला तर तुम्हाला दिसणारही नाही. मग ताबा कसला?

परत घालताना मात्र घाई कधीच नको. हॅमर खाली, बोट बाहेर सरळ, होल्स्टरकडे बघून, कुर्त्याचं टोक किंवा जॅकेटची दोरी बाजूला करून, सावकाश. जुनं रिव्हॉल्व्हर असेल ज्यात हॅमर अडवणारा तुकडा नाही, तर हॅमरखालचं घर रिकामं ठेवायचं. आणि बाहेरच्या टॉयलेटमध्ये बेल्ट सोडल्यावर होल्स्टर उलटं होतं, तेव्हा एका हातानं बेल्ट ताणून धरा, रिव्हॉल्व्हर काढून टाकीवर ठेवू नका, लोक तिथंच विसरून येतात.

घरी आल्यावर रिव्हॉल्व्हर चामड्यात ठेवून कपाटात टाकायचं नाही. चामडं ओल धरतं, पावसाळ्यात आठवड्यात गंजाचे ठिपके येतात, आणि राउंड चामड्याच्या लूपमध्ये ठेवले तर पितळेवर हिरवी बुरशीसारखी पुटं चढतात. निवडणुकीत ठाण्यात जमा करायची वेळ आपल्याकडे येतेच, तेव्हाही होल्स्टर घरी ठेवा, रिव्हॉल्व्हरला तेलाचा पातळ हात मारून, पावती घेऊन द्या, परत मिळायला किती आठवडे लागतील ते आपल्या हातात नसतं. परत आल्यावर ती गादीवरची परीक्षा पुन्हा एकदा करा, तोंडाशी चामडं मऊ पडलं असेल किंवा बटण ढिलं पडून नुसत्या धक्क्यानं सुटत असेल तर ते होल्स्टर कापून फेकून द्या, दुसऱ्या कोणाला वापरायला देऊ नका.