कोळीवरची दुसरी फवारणी: दिवस नव्हे, ऊब मोजा

‘दर पंधरा दिवसांनी फवारणी’ हे वेळापत्रक दोन ठिपक्यांच्या कोळीवर (पानांतला रस शोषणारी अगदी बारीक कीड) थंडीत एकवेळ चालून जातं, उन्हाळ्यात हमखास फसतं. अंड्यापासून प्रौढ कोळी व्हायला 20 अंश सेल्सिअसला साधारण 16-17 दिवस लागतात, 30 अंशांना जेमतेम 7-8. म्हणजे दोन फवारण्यांच्या मधे तिच्या दोन पिढ्या निघून जातात.

हिशेब असा करा. दिवसाच्या कमाल आणि किमान तापमानाची सरासरी काढा, त्यातून 12 वजा करा. 12 अंशांखाली कोळीची वाढ जवळपास थांबते. उरलेले अंश रोज मिळवत जा. बेरीज 130 च्या घरात गेली की एक पिढी पूर्ण. कमाल 34, किमान 20 असेल तर सरासरी 27, उरले 15, म्हणजे सुमारे 9 दिवस. कमाल 35 च्या वर गेलं तरी 35च धरा, कारण त्यापुढे वाढ मंदावते. थर्मामीटर सावलीत, पिकाच्या उंचीवर टांगा. हरितगृहात बाहेरचा आकडा वापरला तर सगळंच चुकतं.

उष्णतेत मादीचं आयुष्य घटतं, पण रोजची अंडी वाढतात आणि लेकीही लवकर अंड्यावर येतात. संख्या भडकते ती यामुळे. नर नसला तरी मादी अंडी घालते, त्यातून फक्त नर निघतात. पुढे त्याच नरांशी मीलन होऊन माद्याही होतात. एक मादी उरली तरी पुरे.

आता भिंग घ्या, 10 पटीचं. पानाच्या खालच्या बाजूला, मधल्या शिरेलगत पाहा. ताजं अंडं पाण्याच्या थेंबासारखं पारदर्शक असतं, फुटण्याआधी पिवळसर होतं. बरीच कोळीनाशकं अंड्यांना मारत नाहीत, म्हणून दुसरी फवारणी अंडी फुटल्यावर पण नव्या माद्या अंडी घालण्याआधी बसवा: 30 अंशांना पाचव्या दिवसाच्या आसपास, 20 अंशांना दहाव्या. औषधाचा गट बदला, म्हणजे वेगळ्या पद्धतीनं मारणारं औषध घ्या. लेबलवर दोन फवारण्यांत जास्त अंतर सांगितलं असेल, तर दुसऱ्या वेळी दुसरंच औषध घ्या. गंधक 32 अंशांच्या वर मारू नका, पानं करपतात.

दिवस लहान आणि गार झाले की नारिंगी माद्या दिसू लागतात. त्या खात नाहीत, अंडीही घालत नाहीत, सालीच्या फटीत दडतात. त्यांच्यावर औषध वाया घालवू नका; पिकाचे अवशेष काढा आणि ऊब वाढताच पुन्हा भिंग हातात घ्या.