तळ्याकाठचं छोटं डिस्क गोल्फ मैदान कसं खेळावं

अमेरिकेतल्या एखाद्या पार्कात फिरताना खांबाला बसवलेली लोखंडी टोपली आणि तिच्यावर लोंबणाऱ्या साखळ्या दिसल्या, तर ते डिस्क गोल्फचं मैदान आहे असं समजा. नियम बरेचसे गोल्फचेच. फक्त काठी आणि चेंडूऐवजी प्लास्टिकची डिस्क हाताने फेकायची आणि कमीत कमी फेकींत ती टोपलीत घालायची. पहिलं कायमस्वरूपी मैदान १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये झालं. ते मांडणाऱ्या एड हेड्रिक यांनीच पुढे साखळ्यांच्या टोपलीचं पेटंट घेतलं. आज गावोगावच्या सार्वजनिक बागांतली बरीचशी मैदानं फुकट खेळता येतात. उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा राहायला आले की त्यांना न्यायलाही ही जागा चांगली, कारण पळायचं नसतं आणि गप्पा थांबवाव्या लागत नाहीत.

इथे विचार नऊ टोपल्यांच्या छोट्या मैदानाचा आहे. टी म्हणजे जिथून पहिली फेक करायची ती जागा. तिथून टोपलीपर्यंत साधारण ५० ते ८० मीटर अंतर, आणि वाटेत किंवा टोपलीमागे तळं. फ्लोरिडासारख्या राज्यात पावसाचं पाणी साठवायला खणलेली तळी पार्कापार्कात असतात, त्यामुळे पाणी टाळून मैदान आखणंच अवघड. अशा मैदानावर ताकद फारशी कामाला येत नाही. डिस्क शेवटच्या दहा मीटरमध्ये कुठे वळणार, हे फेकण्याआधी ठरवणाऱ्याचा गुणांक चांगला येतो.

पिशवीत काय घ्यावं

दोन पटर, म्हणजे जवळच्या फेकींसाठीच्या डिस्क, आणि एक मिडरेंज, म्हणजे मध्यम पल्ल्याची. बस. दुकानात लांब पल्ल्याचे ड्रायव्हर मोहात पाडतात, ते घरी ठेवा. डिस्कवर बहुधा चार आकडे छापलेले असतात: वेग, हवेत तरंगणं, सुरुवातीचं वळण आणि शेवटचं वळण. इनोव्हा कंपनीच्या एव्हिअर या पटरवर २, ३, ०, १ असे आकडे आहेत. डिस्ट्रॉयर या ड्रायव्हरवर १२, ५, उणे १, ३. पहिला आकडा म्हणजे ती डिस्क नीट उडायला हाताचा किती वेग लागतो त्याचं माप. नवख्या हातात १२ वेगाएवढा जोर नसतो. त्यामुळे डिस्ट्रॉयर हवेत सरळ जायच्या आधीच मंदावतो आणि जोरात एका बाजूला वळतो. त्या बाजूला तळं असेल तर डिस्क गेलीच म्हणायची. पटर हळू उडतो, सरळ जातो आणि जमिनीवर पडल्यावर फार घसरत नाही. ७० मीटरवरच्या टोपलीसाठी आणखी काय हवं?

डिस्क घेताना वजन १५० ते १६५ ग्रॅमच्या आसपास बघा. हलकी डिस्क हळू फेकली तरी हवेत तरंगते. बहुतेक डिस्क पाण्यात बुडतात, पण काही मुद्दाम तरंगणाऱ्या बनवल्या आहेत, उदाहरणार्थ इनोव्हाचाच हायड्रा हा पटर. तुमची डिस्क कोणत्या जातीची आहे ते घरी पाण्याने भरलेल्या बादलीत टाकून बघा. तळ्यावर प्रयोग महागात पडतो. आणि डिस्कच्या खालच्या बाजूला पक्क्या शाईच्या पेनाने नाव आणि फोन नंबर लिहा. या खेळात हरवलेली डिस्क फोन करून परत देण्याची पद्धत आहे, आणि ती खरोखर पाळली जाते.

एक जुना पंचा सोबत असावाच. सकाळचं दव, तळ्याकाठचा चिखल आणि कॅनडा गीझ या हंसकुळीतल्या पक्ष्यांनी काठावर सोडलेला प्रसाद, हे सगळं डिस्कला लागतं. ओल्या कडेवरून बोटं निसटली की डिस्क कुठेही जाते.

टीवर उभं राहिल्यावर

टीजवळच्या फलकावर अंतर फुटांत लिहिलेलं असतं. २०० फूट म्हणजे सुमारे ६१ मीटर. बहुतेक फलकांवर टोपली कुठे आहे आणि हद्दीबाहेरचा भाग कोणता, हेही काढलेलं असतं. हद्दीबाहेरला सगळे ‘ओबी’ म्हणतात. फलक नसेल तर खेळण्याआधीच आपसात ठरवा: तळं आणि ओढा ओबी, पावसाचं साचलेलं डबकं ओबी नाही. डबक्यात पडलेली डिस्क टोपलीपासून सरळ मागच्या रेषेवर, पहिल्या कोरड्या जागी आणून खेळायची. त्याला दंड नाही.

आता पाणी कोणत्या बाजूला आहे ते बघा. उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे छातीसमोरून हात ओढून फेकलेली डिस्क शेवटी डावीकडे वळते. फोरहँड, म्हणजे अंगाच्या उजव्या बाजूने मनगट झटकून फेकलेली, शेवटी उजवीकडे वळते. डावखुऱ्यांनी हे उलट वाचावं.

म्हणून पाणी उजवीकडे असेल तर बॅकहँड निर्धास्तपणे फेका, डिस्क मंदावत जाईल तशी पाण्यापासून दूर सरकेल. पाणी डावीकडे असेल तर फोरहँड फेका. फोरहँड येत नसेल तर बॅकहँडच फेका, पण निशाणा टोपलीच्या बराच उजवीकडे धरा आणि अंतर पुरं पडलं नाही तरी चालेल असं मानून हळू फेका. ‘थोडंसंच वळेल’ असं म्हणून टोपलीवरच नेम धरणारे लोक दर आठवड्याला नवीन डिस्क विकत घेतात.

वारा विसरू नका. तळ्यावर झाडं नसतात, त्यामुळे झाडीत जाणवलेला वारा आणि पाण्यावरचा वारा यांत बराच फरक पडतो. समोरून वारा असेल तर डिस्क वर उचलली जाते आणि उजव्या हाताचा बॅकहँड उजवीकडे झुकतो. मागून वारा असेल तर ती लवकर खाली येते आणि डावीकडे जास्त वळते. म्हणजे पाणी डावीकडे आणि वारा पाठीमागून, किंवा पाणी उजवीकडे आणि वारा समोरून, या दोन्ही वेळी सावध राहायचं. थोडं गवत तोडून हवेत सोडा, वाऱ्याची दिशा कळते.

फेकण्याआधी काठावर मासे पकडत बसलेले लोक, पायवाटेवरची मुलं, सायकली बघा. माणूस टप्प्यात असेल तर थांबा. डिस्क चुकून कुणाकडे गेलीच तर गोल्फसारखंच मोठ्याने ‘फोर!’ ओरडा.

पाण्यावरून की पाण्याला वळसा घालून?

इथे हिशेब मांडायला हरकत नाही. समजा टोपली तळ्यापलीकडे आहे. वळसा घालून खेळलात तर जवळजवळ नक्की तीन फेकी. पाण्यावरून थेट पोहोचलात तर कधी दोन, कधी तीन, म्हणजे सरासरी अडीच. बुडालात तर पहिली फेक, दंडाची एक, पुन्हा टीवरून फेक, मग टोपलीत टाकायला एक किंवा दोन, सरासरी साडेचार. हे आकडे मांडले तर पाण्यावरून जाणं फायद्याचं ठरायला चारपैकी तीनदा तरी पार जायला हवं, तेव्हा कुठे बरोबरी होते. आणि या हिशेबात डिस्कची किंमत धरलेलीच नाही.

तरीही पाण्यावरून फेकायचंच असेल, आणि मोह होतोच, तर पलीकडच्या काठावर नव्हे, काठाच्या दहा मीटर पुढे नेम धरा. कमी पडलेली डिस्क बुडते, जास्त गेलेली गवतात मिळते. नियमही लांब फेकणाऱ्याच्या बाजूने आहे. डिस्क पलीकडच्या जमिनीवर टेकून घसरत परत पाण्यात गेली, तर ती शेवटची पलीकडच्या काठावर हद्दीत होती असं धरतात आणि पुढची फेक तिथूनच करता येते. सरळ पाण्यातच पडली तर हद्दीतली शेवटची जागा अलीकडच्या काठाची असते. सपाट, खाली फेकलेली डिस्क पाण्यावर चपट्या दगडासारखी टप्पे घेत पलीकडे जाते, हे खरं आहे. पण त्यावर भरवसा ठेवू नका.

पाण्यात गेली तर

डिस्क सगळ्या बाजूंनी पाण्याने वेढलेली असेल तरच ती ओबी. काठाच्या जमिनीला थोडी जरी टेकलेली असेल तर ती हद्दीतच, दंड नाही. तरंगणारी डिस्क वाऱ्याने वाहत काठाला लागली म्हणून हद्दीत येत नाही. फक्त पाण्याच्या हालचालीने सरकायला लागली त्या क्षणी ती थांबली असं मानतात.

ओबी झाली की गुणांकात एक फेक दंडाची मिळवा. मग दोन पर्याय असतात: मागच्याच जागेवरून पुन्हा फेकायचं, किंवा डिस्क जिथे शेवटची हद्दीत होती तिथे, काठापासून एक मीटर आत येऊन खेळायचं. काही ठिकाणी फलकावर ड्रॉपची जागा, म्हणजे ओबीनंतर जिथून खेळायचं ती ठरलेली जागा, दिलेली असते, ती वापरावी. डिस्क हद्दीत राहिली पण काठाला चिकटून असेल तरी ती एक मीटर आत घेता येते, तीही विनादंड. पाय चिखलात रोवून फेकणारे बरेच जण हा नियम माहीत नसल्यामुळे बूट खराब करून घेतात.

टोपली पाण्याजवळ असेल तेव्हा

फेकी वाया जातात त्या बहुतेक इथे. टोपलीपासून सात-आठ मीटरवर तुम्ही उभे आहात आणि टोपलीच्या मागे उतार आणि तळं आहे. जोरात सरळ फेकलेली डिस्क साखळ्या चुकवून गेली तर थेट पाण्यात. टोपलीच्या कडेला आपटली तर उभी राहून चाकासारखी गडगडत उतारावरून पाण्यात. म्हणून अशा जागी हळू, थोडी वरच्या कमानीने फेका, म्हणजे चुकली तरी जवळच सपाट पडेल. दहा मीटरच्या पलीकडे असाल तर टोपलीच्या पायाशी डिस्क टाका आणि पुढच्या फेकीत आत घाला. तीन मीटरवर असाल तर मात्र घाबरायचं कारण नाही, साखळ्यांच्या मधोमध बघून फेका.

खरं तर हा प्रश्न एक फेक आधीच सोडवायचा असतो. टोपलीकडे येणारी फेक अशी करा की पुढची फेक काठाला समांतर होईल, पाण्याकडे तोंड करून नाही. थोडं लांब राहावं लागलं तरी चालेल. पाण्याकडे तोंड करून पाच मीटरवर राहण्यापेक्षा काठाला समांतर आठ मीटर बरे.

आणि टोपलीपासून दहा मीटरच्या आत असाल तर फेकल्यावर तोल सावरून उभं राहा, मगच डिस्कच्या जागेपुढे पाऊल टाका.

बुडालेली डिस्क काढायची असेल तर

काठावरूनच काढा. दोरीला बांधून पाण्यात फेकायचं आणि ओढत आणायचं दाताळं मिळतं, लांब होणारी काठीही मिळते. चार जणांत एक पुरतं. हिरवा तवंग आलेल्या पाण्यात हात घालू नका, मुलांना आणि कुत्र्यांना तर अजिबात उतरू देऊ नका.

फ्लोरिडात पाण्यात उतरायचंच नाही. २०२२ च्या मे महिन्यात लार्गो गावातल्या टेलर पार्कमध्ये, जिथे डिस्क गोल्फचं मैदान तळ्याच्या काठाने जातं, डिस्क शोधायला तळ्यात उतरलेल्या एका माणसाचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. तळ्यात पोहू नये अशी पाटी तिथे होती. गोड्या पाण्याच्या प्रत्येक तळ्यात मगर आहे असं धरूनच तिथले लोक वागतात, आणि डिस्क सोडून देतात.

दाताळ्यात कुणा दुसऱ्याची डिस्क अडकून आली तर पुसून मागचा नंबर बघा आणि फोन किंवा मेसेज करा. नंबर पुसला गेला असेल तर पहिल्या टीच्या फलकापाशी ठेवून द्या. पुष्कळ मैदानांवर हरवलेल्या डिस्कसाठी तिथे पेटी असते.