कंपनी व्हिजिट ठेवताय? मग या चुका टाळा

गोव्यातल्या औद्योगिक वसाहतींपैकी वेर्णा घ्या, कुंडई घ्या, कॉलेजची बस आली की तेच. हॉलमध्ये पीपीटी, चहा-समोसे, शॉप फ्लोअरवर, म्हणजे प्रत्यक्ष काम चालतं तिथे, भरभर एक फेरी, ग्रुप फोटो, संपलं. मुलं थोडंफार शिकतात, कंपनी काहीच शिकत नाही, आणि मला त्याचंच वाईट वाटतं, कारण बाहेरचा माणूस जे विचारतो ते आतल्यांनी विचारायचं कधीच सोडलेलं असतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कामगाराला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर साहेबाने देणं.

काजूच्या एका कारखान्यात आयटीआयची मुलं घेऊन गेलो होतो. एका मुलीने कटिंगवरच्या मावशीला विचारलं, या बिया बाजूला का काढल्यात? मावशी कोकणीत सांगायला लागली तोच मॅनेजर मध्ये पडला आणि ग्रेडचं भाषण सुरू, डब्ल्यू ३२० म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० गर वगैरे. माहिती बरोबर, पण मुलीने ते विचारलंच नव्हतं. नंतर मी मावशीजवळ जाऊन बसलो तेव्हा कळलं की वाफेला लहानमोठ्या बिया एकत्रच जातात, मोठी नीट शिजत नाही, मग पात्याखाली गराचा तुकडा पडतो, आणि अख्ख्या गराचा भाव तुकड्याला कुठून मिळणार! म्हणून बायका आपल्या डोक्याने मोठ्या बिया वेगळ्या काढत होत्या. ऑफिसला पत्ताच नाही, तिथे तुकडा का वाढला यावर मीटिंगा. वाफेच्या आधी चाळून साइज वेगळा करायचा, एवढंच काम होतं.

तेव्हापासून माझा नियम, मशीनवरचा माणूसच बोलणार, त्याच्या भाषेत, आणि साहेब मागे उभे राहणार. आदल्या दिवशी पाठांतर करून घ्यायचं नाही. सांगताना तो जिथे अडखळतो तिथे बहुतेक वेळा आपली एसओपी, म्हणजे कामाची लिहून ठेवलेली पद्धतच कच्ची असते.

दुसरी चूक, प्रश्न लिहून न घेणं. एकाच्या हातात वही द्या, फक्त प्रश्न लिहायचे, आणि बस सुटली की लगेच लाइनवाल्यांसोबत बसून वाचायचे. एचआरमधली नवी मुलं विचारतात, सर, गूगल फॉर्म पाठवला तर? नका पाठवू, त्यात 'व्हेरी नाइस' येतं. अर्धा तास बसायचा धीर नसेल तर व्हिजिट ठेवूच नका.

कॉपी होईल म्हणून दार बंद ठेवणं हीपण चूकच. टोयोटाने १९८४ पासून अमेरिकेत फ्रीमाँटला जनरल मोटर्ससोबत एकत्र कारखाना चालवला, रोज सगळं डोळ्यासमोर, तरी जनरल मोटर्सला टोयोटाची ती कामाची पद्धत आपल्या बाकीच्या प्लांटमध्ये न्यायला वर्षानुवर्षं लागली. खरंच गुपित असेल ते आधीच झाका, बाकीचं दाखवा.

चाळीस जण एकदम आत नेऊ नका, मागच्यांना काही ऐकू येत नाही. चपला घालून आलेल्यांना फ्लोअरवर सोडू नका, कितीही गयावया केली तरी. आणि गणेश चवथीच्या आठवड्यात तारीख देऊ नका, निम्मी माणसं गावी असतात, बोलणार कोण?