कमी खर्चात पियानोसारखा हात देणारा कीबोर्ड कसा निवडावा

कीबोर्ड घ्यायला गेल्यावर पहिला प्रश्न बहुधा ‘टोन किती आहेत?’ असा असतो, आणि विक्रेताही शेकडो टोन, ताल, तबला, तानपुरा अशी यादी हौसेने वाचून दाखवतो. मात्र पियानो शिकण्यासाठी वाद्य हवे असेल, तर या यादीचा उपयोग जवळजवळ नाही. एकच चांगला पियानो टोन पुरतो. उरलेले सगळे पैसे पट्टीखालच्या यंत्रणेसाठी मोजावेत.

खऱ्या पियानोत पट्टी दाबली की नमद्याने मढवलेली लाकडी हातोडी तारेवर आदळते आणि स्वतःच्या वजनाने परत खाली येते. पट्टीही स्प्रिंगने नव्हे, तर वजनानेच वर येते. मधल्या सप्तकातली पट्टी हळू दाबायला साधारण ५० ग्रॅम वजन लागते, ती सुमारे १० मिलिमीटर खाली जाते, आणि डावीकडच्या खर्जाच्या पट्ट्या उजवीकडच्या तार सप्तकातल्या पट्ट्यांपेक्षा जड असतात. पट्टी हलवताना सुरुवातीला जोर लागतो आणि मग ती सहज जाते. स्वस्त ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डमध्ये प्लॅस्टिकखाली स्प्रिंग असल्याने नेमके उलटे घडते: आरंभी पट्टी हलकी लागते आणि खाली जाता जाता प्रतिकार वाढतो. पेटीवरून पियानोकडे वळणाऱ्याने तर याकडे विशेष लक्ष द्यावे, कारण पेटीत आवाजाचा लहानमोठेपणा भाता सांभाळतो, तर पियानोत तो सर्वस्वी बोटाच्या वेगावर अवलंबून असतो. तो वेग आवरण्याची सवय स्प्रिंगच्या पट्टीवर नीट लागत नाही.

म्हणून खोक्यावरचे शब्द काळजीपूर्वक वाचावेत. ‘टच सेन्सिटिव्ह’ याचा अर्थ एवढाच, की जोरात वाजवले तर आवाज मोठा येईल. पट्टीला वजन आहे असा त्याचा अर्थ होत नाही. ‘सेमी-वेटेड’ म्हणजे स्प्रिंगलाच थोड्या वजनाची जोड. आपल्याला हवे ते ‘हॅमर ॲक्शन’ किंवा ‘फुली वेटेड’, म्हणजे पट्टीखाली स्प्रिंगऐवजी हातोडीसारखे वजन असलेली यंत्रणा. पट्ट्या ८८ आहेत, म्हणजे त्या वजनदार असणारच, असेही गृहीत धरू नये. अलेसिस कंपनीच्या रिसायटल या मॉडेलला पूर्ण ८८ पट्ट्या आहेत, पण त्या सेमी-वेटेड आहेत.

भारतात ढोबळमानाने ४० ते ६५ हजार रुपयांच्या टप्प्यात हॅमर ॲक्शनची तीन वाद्ये प्रामुख्याने विचारात घ्यावीत: कॅसिओ सीडीपी-एस११०, यामाहा पी-१४५ आणि रोलँड एफपी-१०. यांपैकी पी-१४५ हे २०२३ मध्ये जुन्या पी-४५ च्या जागी आले. कॅसिओचे वजन साडेदहा किलो, तर रोलँडचे बारा किलोंहून थोडे जास्त. वाद्य शिकवणीला न्यायचे असेल तर हा फरक जिन्यावर जाणवतो. केवळ पट्टी हाताला कशी लागते याचा विचार केला तर माझे मत रोलँडच्या बाजूने आहे. त्याच्या प्रत्येक पट्टीखाली तीन सेन्सर आहेत, त्यामुळे पट्टी पूर्ण वर येण्याआधी पुन्हा दाबली तरी स्वर उमटतो, आणि तोच स्वर झरझर वाजवताना याचा फायदा होतो. पट्टीचा पृष्ठभाग किंचित खरखरीत असल्याने घामेजलेले बोटही घसरत नाही. पॉलिफनीच्या, म्हणजे एका वेळी किती स्वर एकत्र वाजू शकतात याच्या, आकड्यांनी मात्र फार भारावून जाऊ नये. शिकणाऱ्याला पहिली काही वर्षे ६४ सहज पुरतात.

तरीही कागदावरच्या माहितीवर निर्णय करू नये. शक्य असेल तर जिथे खरा पियानोही ठेवलेला आहे अशा दुकानात जावे (मुंबईकरांना धोबी तलावाजवळचे, १८६५ पासून चालत आलेले फुर्टाडोज परिचयाचे असेल) आणि आधी पियानोवर दहा मिनिटे बोटे फिरवून लगेच कीबोर्डवर बसावे. सर्वांत उपयोगी परीक्षा हळू वाजवण्याची आहे: एकच स्वर जितका अलगद काढता येईल तितका काढून पाहावा, आणि तो दहा वेळा सारखाच येतो का ते ऐकावे. मग बोट पुढे सरकवून दोन काळ्या पट्ट्यांच्या मधल्या जागेत पांढरी पट्टी दाबावी. स्वस्त वाद्यांत पट्टीचा टेकू जवळ असल्याने तिथे ती फार जड लागते. थोडी जड लागणे या किमतीत चालवून घ्यावे लागते, पण जोर करूनही हळू स्वर निघत नसेल तर ते वाद्य सोडावे. आवाज पूर्ण बंद करूनही वाजवावे, कारण पट्ट्यांचा ठकठकाट रात्री खालच्या मजल्यावर ऐकू जातो. स्वतःचा चांगला हेडफोन सोबत न्यावा. स्पीकर कमजोर असला की हात नकळत जोर लावतो आणि चांगली पट्टीही जड वाटू लागते.

आठ-दहा हजार रुपये स्टँड आणि पेडलसाठी (पायाने दाबून स्वर लांबवण्याचे साधन) आधीच बाजूला ठेवावेत. एक्स आकाराचा हलका स्टँड डुलतो, आणि डुलणाऱ्या वाद्यावर पट्टीच्या वजनाचा अंदाजच येत नाही. पांढऱ्या पट्ट्यांचा पृष्ठभाग जमिनीपासून साधारण ७२ ते ७४ सेंटिमीटरवर यावा. सोबत मिळणारे चौकोनी पेडल म्हणजे नुसते बटन असते आणि ते फरशीवर सरकते. पियानोच्या पेडलसारखा लांबट, जड पेडल वेगळा घ्यावा.

जुने वाद्य घेण्यात गैर काही नाही. वापरलेला पी-४५ नव्या स्प्रिंगच्या कीबोर्डपेक्षा केव्हाही बरा. फक्त तो घेताना सर्व ८८ पट्ट्या एकामागून एक, एकाच जोराने वाजवाव्यात. एखादी पट्टी मध्येच दचकवणारा मोठा आवाज देत असेल, तर खालचे रबरी संपर्क झिजलेले किंवा धुळीने माखलेले असण्याची शक्यता असते. खाली टेकताना एखादीच पट्टी कडक आवाज करत असेल, तर आतला नमदा दबलेला असतो. दोन्ही गोष्टी दुरुस्त होतात, पण तो खर्च किमतीतून आधी वजा करून घ्यावा आणि मूळ अडॅप्टर मिळतो आहे ना, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे.